मामाजींचं अर्थिंग

माझ्या बायकोचे मामा ज्या घरात पाऊल ठेवतात त्या घराचं अर्थिंग खराब असतं. हा त्यांचा अनुभव नाही, सिद्धांत आहे. कंपनीच्या नोकरीने मी झाशीला आलो आणि इथल्याच एका पिढीजात मराठी घरातल्या मुलीशी माझं लग्न ठरत होतं, तेव्हा हे मामाजी मला बघायला आले. जावयाला बघायला आलेला माणूस पगार विचारतो, गाव विचारतो. यांनी खिशातून टेस्टर काढला, माझ्या फ्रिजला लावला, आणि टेस्टरचा दिवा पेटलेला बघून लालबुंद झाले. "जावईबापू, ह्या घरात आमची मुलगी नांदायची नाही!" मुलीला मी पसंत होतो की नाही हा प्रश्न बाजूला राहिला आणि आधी माझ्या घराचं वायरिंग बदललं गेलं. पुढे वरातीत दिव्यांच्या जनरेटरला अर्थिंग नाही हे त्यांना दिसलं, तर त्यांनी तो भर बडा बाजारात बंद करायला लावला. बँडवाले चिडले, घोडा चिडला, घोड्यावर अंधारात बसलेला मी चिडलो. पण आमच्या कोणाच्या रागाला मामाजींच्या रागाची सर नव्हती.

या रागाचं मूळ प्रेमनगरमधल्या त्यांच्या घराच्या गच्चीवर होतं. मामाजींना हॅम रेडिओचा, म्हणजे घरबसल्या बिनतारी यंत्रावरून दूरदूरच्या माणसांशी बोलण्याचा नाद. रीतसर परवाना, गच्चीवर लोखंडी नळ्यांचा उंच खांब आणि त्यावर अँटेना. खांब उभा करायला एक सकाळ पुरली, त्याचं अर्थिंग करण्यात अख्खा उन्हाळा गेला. इथली जमीन म्हणजे वर थोडी माती आणि खाली नुसता दगड. खड्डा खणायला आलेले मजूर पळून गेले, त्यांना समजावून परत आणावं लागलं. खड्ड्यात तांब्याची प्लेट, भोवती कोळसा आणि मीठ, आणि गच्चीवरच्या खांबापासून तिथपर्यंत तांब्याची जाड पट्टी. मिस्त्रीने ती पट्टी स्वयंपाकघराच्या खिडकीला वळसा घालून मोठी सुबक उतरवली, आणि मामाजी कडाडले, "भैया, बिजली को मोड़ पसंद नहीं! सीधी उतारो!" खिडकी बुजवली गेली. मग घराच्या मीटरचं अर्थिंगही त्याच खड्ड्याला जोडलं, कारण दोन अर्थिंगं वेगवेगळी राहिली तर वीज एकीकडून दुसरीकडे उडी घेताना मधल्या माणसाला धरते. शिवाय ढग दिसले की अँटेनाची केबल काढून घराबाहेर टाकायची. ढग ग्वाल्हेरवर असले तरी.

हा सगळा खटाटोप कशासाठी? तर रोज सकाळच्या चहानंतर सांगलीचे एक डॉक्टर आणि नागपूरचे एक निवृत्त हेडमास्तर हवेवर यायचे आणि मामाजी त्यांच्याशी मराठीत गप्पा मारायचे. आपलं बोलून झालं की "ओव्हर" म्हणायचं, मग समोरच्याने बोलायचं. मामी गेल्यापासून घरात मराठी बोलणारं कोणी उरलं नव्हतं. मुलाला समजतं, पण उत्तर हिंदीत येतं, सूनबाई कानपूरच्या. आम्ही राहतो गावाबाहेर कंपनीच्या वसाहतीत. त्या दोघांना मामाजींनी कधी पाहिलेलं नाही, आणि विषय म्हणाल तर गुडघे, भेंडी आणि सरकार. पण तेवढा वेळ मामाजी चक्क हसायचे. मला याचाही राग यायचा, कारण आमच्या वाट्याला उरलेला दिवस यायचा.

उन्हाळ्यात खड्डा कोरडा पडला की अर्थिंग निकामी होतं. म्हणून आंघोळ झाली की मामाजी ओल्या पंच्यात, अनवाणी, लोटाभर पाणी त्यात ओतायचे. नळ आटलेला असो, टँकर येवो न येवो, पहिलं पाणी खड्ड्याला. खड्डा गल्लीच्या कडेला, विटांनी बांधून घेतलेला. एक म्हातारा माणूस रोज सकाळी मनोभावे पाणी घालतोय, हे गल्लीतल्या बायकांनी पाहिलं. एक दिवस तिथे झेंडूचं फूल दिसलं. मग शेंदूर. मग देवळातून परतणाऱ्या साऱ्याजणी उरलंसुरलं पाणी तिथेच वाहू लागल्या. मामाजींचा संताप विचारू नका. "कोयले को टीका कौन लगाता है?" असं गल्लीभर ओरडून आले. खड्डा मात्र इतका छान ओला कधीच नव्हता. अर्थिंग मोजायचा मीटर लावून त्यांनी स्वतःच खात्री केली आणि आणखी चिडले.

पावसाळ्याच्या तोंडावर समोरच्या वकीलसाहेबांचा टीव्ही विजेने जळला. खापर खांबावर फुटलं. "आपने बिजली को न्योता दे रखा है!" मामाजींच्याच अंगणात गल्लीची बैठक बसली, मी मुद्दाम गेलो होतो. मामाजी जीव तोडून अर्थिंग समजावत होते आणि कोणी ऐकत नव्हतं. शिकलीसवरलेली माणसं! वकीलसाहेबांच्या घरात अर्थिंगची तारच नाही, हे मामाजींनी त्यांना कितीदा तरी सांगितलं होतं. खांब काढायचं ठरत आलं, तेवढ्यात गल्लीतल्या सगळ्यात वयस्क अम्मांनी उठून शेंदूर लावलेल्या खड्ड्याकडे बोट दाखवलं. "जो तो देवता कौ थान आय. कोऊ हाथ न लगाइयो." देवाचं ठाणं म्हटल्यावर सगळे मागे सरले. वकीलसाहेबांनीसुद्धा हात जोडले. खांब वाचला होता. मामाजींनी फक्त गप्प बसायचं होतं, आयुष्यात एकदा.

मामाजी उभे राहिले. "कोई देवता-वेवता नहीं है, अम्मा! कोयला है, नमक है और ताँबा है!"

खांब उतरला. मुलानेच माणसं बोलावली. रोजच्या कटकटीला तोही वैतागला होता. मी मामाजींवर इतका भडकलो की नातं विसरलो. "काय अडलं होतं बोलायचं?" तर ते माझ्याहून चढ्या आवाजात म्हणाले, "उद्या कोणी नुसता शेंदूर फासेल, गच्चीवर लोखंडी खांब उभारेल आणि पट्टी जोडणारच नाही. म्हणेल, देवता बघून घेईल. त्या गच्चीवर मुलं पतंग उडवतात, जावईबापू!" त्यांचं म्हणणं खरं होतं, आणि त्याचाही मला राग आला.

डॉक्टरांशी फोनवर बोलता येईल, असं मी सुचवून पाहिलं. पण हेडमास्तरांना ऐकू कमी येतं, रेडिओचा आवाज मोठा केला की भागायचं, फोनवर त्यांना काही कळत नाही, आणि त्यांना वगळून बोलणं मामाजींना मंजूर नाही. आता ते रिक्षा बदलून रोज सकाळी आमच्या वसाहतीत येतात. माझी कामावर निघायची घाई असते, एक बूट पायात, एक हातात. ते समोर बसतात, काहीबाही सांगतात, आणि सांगून झालं की सवयीने "ओव्हर" म्हणतात आणि माझ्याकडे बघत थांबतात. मी हातातला बूट खाली ठेवतो आणि मराठीत उत्तर देतो.