खर्ड्याला गेलेला निरोप

शमीमआपा समोरच्या बाईच्या हातात मोबाईल द्यायच्या आणि स्वतःचे दोन्ही हात ओढणीखाली दडवायच्या. तापाची खबर गावच्या आशाताईला, म्हणजे आरोग्य कार्यकर्तीला, देणारं नवं अ‍ॅप लोकांना नीट वापरता येतं का, हे गावोगाव पाहायचं काम आमच्या दोघांकडे होतं. बाई भलतंच बटण दाबू लागली की माझा हात आपोआप पुढे जाई. आपा डोळ्यांनीच दटावत आणि बाहेर आल्यावर म्हणत, "चुकू दे रे तिला. घरी काय तू भेटणारेस?"

आपा श्रीरामपूरच्या, परिचारिका म्हणून निवृत्त झालेल्या. स्वभाव कमालीचा काळजीखोर. ताप मोजायच्या नळ्या दोन, कारण एक फुटली तर? जीपमध्ये पाय ठेवण्याआधी ड्रायव्हरला डिझेल विचारणार, मग माझं जेवण, मग पुन्हा डिझेल. मी चिडवलं की म्हणायच्या, "मला निवांत वाटायला लागलं ना, की समज माझं काहीतरी बघायचं राहिलंय." माझी मात्र त्यांच्यावर माया जडली होती.

त्या वर्षी दिवाळीनंतर डेंग्यूची साथ होती. ऊसतोडीला आलेल्या कुटुंबांच्या पाचटाच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, श्रीरामपूरच्या अलीकडे पडल्या होत्या. तिथल्या बायकांना आम्ही अ‍ॅप देऊन आलो आणि आठवड्याने परत गेलो. संगीता नावाच्या बाईला आपांनी ते वापरून दाखवायला सांगितलं.

"परवाच दाबलं की," ती म्हणाली. "पोरीला लई ताप हुता. आशाताई येती म्हनलंय मोबाईलनं, म्हनून तोडीलाबी गेले न्हाई. आज उतरलाय ताप."

मला हायसं वाटलं. आपांचा चेहरा मात्र पडला. डेंग्यूत ताप उतरतो तेव्हाच खरा घोर असतो, हे मला त्यांनीच नंतर सांगितलं. त्यांनी मोबाईल घेतला. गाव म्हणून संगीताने खर्डा, आपलं दूरचं मूळ गाव, निवडलं होतं. दुसरं काय निवडणार? सहा महिने कोपीत काढणारा माणूसही गाव विचारलं की घरचंच सांगतो. निरोप खर्ड्याच्या आशाताईला गेला होता आणि संगीताच्या घराला तिथे कुलूप होतं.

आपा वाकून आत शिरल्या. पोरगी पोट धरून पडलेली, हातपाय गारठलेले. आपांनी तिला उचललंच आणि मला म्हणाल्या, "गाडी काढायला सांग." जीपमध्ये त्यांनी तिच्या मनगटावरची बोटं काढली नाहीत. पोरगी वाचेल ना, असं मी विचारलं. त्यांनी ड्रायव्हरला वेग वाढवायला सांगितलं.

दवाखान्यात पोरीला सलाईन लागलं. दुसऱ्या दिवशी दुपारी डॉक्टरांनी धोका टळल्याचं सांगितलं, तेव्हा कुठे आपांनी चहा घेतला. संगीता खाटेच्या कडेला अवघडून बसली होती.

"आपा, ती ताई आली आन कोपी मोकळी दिसली तर परत जाईल बिचारी," ती म्हणाली. "तिला कळवा ना, आमी हितं हाय म्हनून."

आपांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. "ती येणारच नव्हती गं. निरोप खर्ड्याला गेला होता."

संगीताने पोरीच्या पायांवरून हात फिरवला. मग म्हणाली, "आन येती म्हनलं म्हनून मी निवांत बसले."