गोण्यांची ताडपत्री

शेतकरी गटाचं काम करताना मी गावोगाव एकच गोष्ट सांगत फिरते. कांद्याचा भाव आपल्या हातात नाही, दुधाचाही नाही, हातात आहे तो फक्त खर्च. लोक माना डोलावतात आणि दुसऱ्या दिवशी दुकानदार देईल ते उचलून आणतात. या कामाचा वैताग येतो तो इथेच.

आणे पठारावरच्या एका घरी मात्र वैताग माझा मलाच आला. घरात नवरा-बायको आणि दोन संकरित गायी. नवरा चाकणला कंपनीत, गुरुवारच्या सुट्टीला घरी यायचा. बाकीचे सहा दिवस शेत आणि गोठा बायकोकडे. त्या वर्षी त्याने स्वच्छ सांगून टाकलं होतं, उन्हाळी कांद्यात चार पैसे सुटले तर चारा विकत घेऊ, नाहीतर एक गाय काढू. गायी तिने कालवडीपासून वाढवलेल्या.

लागवडीआधी मी एका गुरुवारी संध्याकाळी गेले. तो ओट्यावर बसला होता, ती गोठ्यात धारा काढत होती. माती परीक्षणाचा कागद मी त्याच्यापुढे धरला. गावाशेजारी धनगरांचा वाडा मेंढरांसकट उतरला होता. म्हटलं, चार रात्री मेंढरं बसवा वावरात. बदल्यात त्यांना ज्वारी द्या. लेंडीखत आणि मूत इतकं पडेल की लागवडीला खताची एक गोणी पुरे. नंतर युरिया अजिबात टाकायचा नाही.

"म्याडम, तुमी दुकानदाराच्या पोटावर पाय देताय राव," तो हसला.

"त्याचं पोट सुटलंय. तुमचं बघा."

त्याला पटलं. बायकोने चहा आणून दिला आणि ती परत आत गेली. मी समाधानाने स्कूटी काढली.

मेंढरं बसली, लागवड झाली. महिन्या-दीड महिन्याने त्या बाजूला काम निघालं म्हणून डोकावले. पात गर्द हिरवी, गुडघ्याला लागेल अशी. ती कडब्याच्या गंजीवर ताडपत्री ओढत होती. ताडपत्री कसली, खताच्या रिकाम्या गोण्या उसवून, एकमेकींना जोडून शिवलेल्या. टाके अगदी एकसारखे. मी उभ्या उभ्या गोण्या मोजल्या. सहा.

"या कधीच्या गं?"

"याच सालच्या. शेजारच्यांनी टाकलं, म्हणलं आपलंच कशाला मागं ठेवायचं? दुधाच्या पगारातनं आणलं. दोन येळा टाकलं."

"अगं, टाकायचं नाही असं ठरलं होतं ना!"

तिने हातातली दोरी सोडली नाही. "कुणाचं ठरलं व्हतं? तुमी त्यांच्याशी बोलत व्हता, ताई. मी धारा काढीत व्हते."

त्याने तिला एवढंच सांगितलं होतं की मेंढरं बसवायची आहेत. पुढचं राहिलं. शुक्रवारी पहाटे तो गाडीला गेला.

जादा खताचा कांदा दिसायला मोठा होतो, पण त्याची मान जाड पडते आणि तसा कांदा बराखीत टिकत नाही, आतून सडतो. भाव वाढेपर्यंत साठवायचा म्हणून तर बराख बांधलेली. काढणी झाली आणि सगळा माल त्याच आठवड्यात आळेफाट्याला न्यावा लागला. तेव्हा सगळ्यांचाच कांदा बाजारात होता. चाऱ्यापुरतंही उरलं नाही.

गाय गेली त्या संध्याकाळी मी तिथे पोहोचले. मुद्दाम नाही, मला कळलंच नव्हतं. गुरुवार होता. नवरा पिकअपबरोबर गेला होता. एक दावं रिकामं होतं आणि ती दुसऱ्या गायीखाली बसली होती.

मी तिच्याशेजारी पाटी उलटी घालून बसले आणि मेंढरांपासून जाड मानेपर्यंत सगळं पहिल्यापासून सांगितलं. ती मान वर न करता ऐकत होती. बादली भरत आली तेव्हा म्हणाली, "लई सोपं हाये की. पण पात पिवळी पडली तर?"

नवऱ्याने हे विचारलं नव्हतं. इतक्या वर्षांत कुठल्याच ओट्यावर मला कुणी विचारलं नव्हतं.

"तर दुकानात जायचं नाही. आधी मला फोन करायचा."

तिने पदराला हात पुसले आणि कोनाड्यातला मोबाईल काढला.

"मग नंबर सांगा. तुमी त्यांनाच दिलाय."