आठ हजारांचा उजेड

काशिराम घरतांनी प्रोजेक्टर घेतला तो बायकोच्या डोळ्यांसाठी. लोक क्रिकेटसाठी घेतात, सिनेमासाठी घेतात. काशिरामांचं कारण ऐकून लाइन आळीतला दुकानदार शहजाद हातातलं बिलबुक खाली ठेवून नीट बसला होता.

त्यांची बायको रंभाबाई धवलारीण. लग्नाच्या मांडवात एकेका विधीला धवले गायचे ते यांनी. अंगाला हळद लागण्यापासून मुलगी सासरी निघेपर्यंत भटजींच्या बरोबरीने त्यांचा आवाज. बरोबर वेणू, चांगुणा, बायजा; धरून चौघीजणी. मग विमानतळात गाव गेलं. कोणी उलव्याला गेली, कोणी सुकापूरला, कोणी वरच गेली. घरतांकडे उरली ती मुलीच्या, मनिषाच्या लग्नाची कॅसेट. केतनने, म्हणजे मुलाने, ती पेन ड्राइव्हवर करून आणली होती. त्यात जुनं घर होतं, मांडव होता आणि त्या सगळ्या बाया होत्या.

रंभाबाईंच्या डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग झिजत चालला होता. टीव्हीवर समोरच्या माणसाच्या तोंडाच्या जागी त्यांना नुसता धूर दिसे. डॉक्टर म्हणाले होते, "आता चष्म्याने काही व्हायचं नाही. काही बघायची इच्छा असेल तर मोठं आणि भरपूर उजळ करून दाखवा. लवकर दाखवा."

काशिरामांनी त्यातलं 'मोठं' तेवढं धरलं.

शहजादने आतल्या काळोख्या खोलीत तीन प्रोजेक्टर लावून दाखवले. एक आठ हजारांचा, एक पस्तीस हजारांचा, एक सव्वा लाखाचा. तिन्हींवर एकच क्रिकेटची मॅच.

"चित्र तर तिन्हीचं सारखंच मोठं हाय," काशिराम म्हणाले.

"मोठं सारखंच असतं, काका. उजेडाचे पैसे असतात," शहजाद म्हणाला. "हा छोटा पोरांना कार्टून बघायला ठीक. खोक्यावरच्या आकड्यांवर जाऊ नका, ते कोणीही छापतो. मधला घ्या, पडदे ओढले की साफ दिसेल. मोठा परवडला तर खिडकी उघडी ठेवून बघा."

"मला तर यातपण चेंडू दिसतोय."

"तुमची नजर माशाल्ला चांगली आहे. चाचींना घेऊन या ना एकदा. डोळे त्यांचे, पसंती त्यांची."

"तिला काय समजतं यातलं?" काशिराम हसत म्हणाले, आणि आठ हजारांचं खोकं काखेत मारून निघाले. शहजादने पिशवी देताना पुन्हा म्हटलं, "बदलायचा असला तर पंधरा दिवसांत या. लाजू नका."

काशिराम कंजूस माणूस नव्हे. केतनच्या हळदीला त्यांनी ट्रकच्या फाळक्याएवढा एलईडी पडदा मागवला होता, एका संध्याकाळपुरता. नवरदेवाला हळद लावताना तो त्यावर दिसत होता आणि खाली सगळं गाव नाचत होतं. त्या पडद्याचं भाडं किती, हे त्यांनी ठरवताना विचारलंसुद्धा नव्हतं. तो पडदा सगळे बघणार होते. हा एकटी रंभा बघणार होती.

रविवारी केतनने भिंतीवर चित्र लावलं. प्रोजेक्टरचा आवाज अगदीच बारीक, म्हणून वेगळा चार्जिंगचा स्पीकर जोडला. पडदे ओढले. मनिषाचं लग्न भिंतभर पसरलं. थोडं फिकट, पण काशिरामांना सगळं दिसत होतं.

"दिसतंय ना?" त्यांनी विचारलं.

"दिसतंय की," रंभाबाई म्हणाल्या. "ही वेणू. सुरुवात नेमी वरच्या पट्टीत करील आणि मंग दम लागंल. बगा, लागला."

केतन हसला. रंभाबाईंनी मागून धवला उचलला आणि बसल्या जागी शेवटपर्यंत म्हटला. काशिरामांना धन्य वाटलं. सत्तावीस हजार वाचले, हे त्यांनी पुढे दोन-तीन ठिकाणी सांगितलं. पंधरा दिवस असेच गेले.

रोज दुपारी जेवणं झाली की रंभाबाई म्हणत, "लावा." काशिराम लावून देत आणि पेपर घेऊन आत जात. आठ महिने हे चाललं.

मग एका दुपारी ते पाणी प्यायला बाहेर आले. स्पीकरची चार्जिंग संपली होती. भिंतीवर मांडव भरलेला, बाया तोंडं उघडून गात होत्या, आणि खोलीत चिडीचूप. रंभाबाई भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या.

"अवो," त्यांनी पावलं ओळखून विचारलं, "लाईट गेली काय? बंद झालं बगा ते."

काशिरामांनी हातातला तांब्या खाली ठेवला.

"चालू हाय," ते म्हणाले.

रंभाबाईंनी भिंतीकडचं तोंड खाली घातलं.

"तुला दिसत नाय?"

"पैल्यापासून नाय."

"मंग बोलली का नायस?"

"तुमी एवढ्या हौसेनं आणलात. पोरगा व्हता समोर. आणि आवाज तर येतोय की." मग म्हणाल्या, "काय तरी पांढुरकं हलायचं. वाटलं, माजेच डोले गेले असतील."

काशिराम तसेच पायात चपला सरकवून शहजादकडे गेले. शहजाद एक शब्दही टोचून बोलला नाही. संध्याकाळी तो स्वतः सव्वा लाखाचा घेऊन घरी आला. म्हणाला, "काका, पैशाचं राहू द्या. आधी चाचींना दाखवू."

दिवा चालू असतानाही भिंत उजळून निघाली. रंग इतके लख्ख की जुन्या घराच्या चौकटीवरची हळदीची बोटं काशिरामांना मोजता आली.

रंभाबाईंनी मान थोडी कलती केली, कडेने बघायचा त्यांचा प्रयत्न. बराच वेळ केला.

"उजेड हाय," त्या म्हणाल्या. "चांगला उजेड हाय. मानूस नाय दिसत."

"चाची, हा सुरुवातीला असता तर..." शहजाद बोलता बोलता थांबला. त्याला तो मोठा प्रोजेक्टर काशिरामांनी ठेवू दिला नाही. कशासाठी ठेवायचा?

तो गेल्यावर काशिरामांनी जुनाच लावला. या वेळी ते आत गेले नाहीत, बायकोशेजारी खाली बसले.

"कोन कोन हाय, सांगा," रंभाबाई म्हणाल्या.

त्यांना सांगता येईना. लग्नात ते पुरुषांत, जेवणावळीच्या गडबडीत. मांडवातल्या बाया त्यांनी कधी नीट बघितल्याच नव्हत्या. "एक हिरव्या लुगड्यातली हाय," ते चाचपडत म्हणाले. "खांबाला टेकलेय. कपालावर गोंदण. हसतेय."

"गोंदणवाली म्हनजे चांगुणा," रंभाबाई म्हणाल्या. "ती कुटं हसतेय? जल्मात हसली नाय बाय. तोंड दाबून बसायची, पुढचा दात नव्हता म्हनून. नीट बगा."

काशिराम उठून भिंतीपाशी गेले. फिकट होतं, पण दिसत होतं. दात नसलेली जागाही दिसत होती.

"हसतेय," ते म्हणाले.

रंभाबाईंनी पदर सारखा केला.

"मंग ते बगायचं व्हतं मला," त्या म्हणाल्या.