एक ते चार ईमेल बंद

२०१९ साल, मला चौऱ्याहत्तर. माझ्याहून हट्टी माणूस अख्ख्या पुण्यात नाही, असं मी तोवर छातीठोक सांगायचो. मग विश्रांतवाडीला मुलाकडे राहायला आलो आणि खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांनी तो मान हिसकावून घेतला. रिटायर्ड हेडक्लार्क, बायको वारलेली, एकुलती एक लेक जर्मनीत. दुपारी एक ते चार त्यांच्या घरची बेल बंद, फोन बंद, इंटरनेटचा डबासुद्धा बंद. "यंत्र झालं म्हणून काय, त्याला पाठ टेकायला नको?" एकदा गॅसवाला दोनला आला, तर दाराआडून म्हणाले, "सिलिंडर ठेवा आणि निघा. आवाज न करता." भरलेला सिलिंडर आवाज न करता कसा ठेवायचा, ते मात्र सांगितलं नाही.

लेकीशी त्यांचं फोनवर भांडण झालं होतं. दिवाळीला यायचं की नाही ते ईमेलनं कळवते, म्हणून तिनं फोन ठेवला. तेव्हापासून हे रोज चारला इस्त्रीचा शर्ट घालून कॉम्प्युटरपुढे बसायचे. मेल येईना. आधी कंपनीला शिव्या झाल्या, मग वायरवरच्या कबुतरांना, मग आमच्या मिक्सरला. मी चौथीपर्यंतच शिकलो, पण हयात कारखान्यात लेथ मशीनवर गेली, डबा खोलून बघू म्हटलं, तर "आपण हात लावू नका, हे लेथ नव्हे."

"मग फोन करा की पोरीला."

"बापानं आधी करायचा? अहो, काहीतरीच काय!"

शेवटी रविवारी सुनेला घेऊन मी खाली गेलो, अर्थात चारनंतर. तिनं एकदाच पाहिलं.

"काका, हे मेल ऑफलाइनवर कोणी टाकलं?"

"मीच. डबा बंद केला की ते कनेक्शन नाही, कनेक्शन नाही म्हणून कटकट करतं. ऑफलाइन राहू का विचारलं, हो म्हटलं. दुपारपुरतं!"

"ते आपोआप परत चालू होत नाही. आपणच काढायचं असतं."

"म्हणजे चार वाजलेले त्याला कळत नाहीत?"

सुनेनं ते काढलं, आणि लेकीचे मेल धडाधड आले. येऊ का, असा पहिला. बाबा, राग गेला नाही का, असा दुसरा. शेवटचा आदल्या दिवशीचा: 'उत्तर नाही, म्हणजे येऊ नको असंच ना? तिकीट काढत नाही.' सून गुपचूप वर निघून गेली. एरवी मी टोमणा मारलाच असता. "काय लिहू हो हिला?" ते पडद्याकडे बघत म्हणाले. मी खुर्ची ओढून शेजारी बसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुधाला उतरलो, तर त्यांचं दार सताड उघडं. तिकडे जर्मनीत अजून उजाडलंही नसेल, आणि हे बनियनवर, उभ्यानं, फोन कानाला लावून. "मी बोलतोय," म्हणाले, आणि मग कितीतरी वेळ नुसतेच ऐकत राहिले. मी दार हळूच ओढून घेतलं आणि दूध आणायला गेलो.