तिसऱ्या दिवशीचा दिवा

क्लिनिकमध्ये दुपारचे पेशंट सुरू होते, तेव्हा हॉस्पिटलमधून फोन आला. गुलबेगिम गेली. सकाळी छातीत दुखतंय म्हणून टॅक्सी करून एकटीच गेली होती, 'तू ड्यूटी मत छोडना' असं मलाच बजावून... मी फोन ठेवला आणि पुढच्या पेशंटचं नाव पुकारलं. या गोष्टीला आता दोन महिने होतील.

इथे आखातात, अल मनखूलच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये आम्ही नऊ वर्षं काढली. मी, माझी मुलगी रेवा आणि ती. नोकरीही एकाच डेंटल क्लिनिकमध्ये, त्यामुळे दिवसभर एकमेकींचं तोंड बघणं आलंच. लोक तिला रशियन समजत. कोणी ताजिक म्हटलं, की चहाचा कप खाली ठेवून ती शिकवणीच घ्यायची. "पासपोर्ट ताजिक. मैं पामिरी." मग खालच्या सपाटीवरचे ताजिक सुन्नी, आम्ही डोंगरातले इस्माइली; त्यांची भाषा फारसी, आमची शुगनी; नदीपलीकडे अफगाणिस्तानातही आमचीच माणसं; शेजारी किरगीझ, उझबेक... रेवा वैतागायची, "आंटी, इट्स टू कॉम्प्लिकेटेड!" त्यावर ती म्हणायची, "तुम्हारा इंडिया सिंपल है क्या?" इथल्या जमातखान्यात, म्हणजे इस्माइलींच्या प्रार्थनास्थळी, ती जात असे, पण तिला भेटायची ती बहुतेक गुजराती बोलणारी कुटुंबं. परतल्यावर बूट काढता काढता म्हणायची, "अच्छे लोग हैं. मगर मेहमान जैसा लगता है." सगळीकडे पाहुणं म्हणून राहण्याचा तो शीण मला न सांगता कळायचा. मलाही तो आहेच.

दफन जमातखान्यातल्या लोकांनीच मायेने केलं. तिच्या बहिणीला व्हिसा वेळेत मिळाला नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तिच्या रिकाम्या खोलीसमोर उभी राहिले आणि मला राहवेना. आपल्याकडे माणूस गेलं की दिवा ठेवतात. त्यापलीकडे मला काही सुचतच नव्हतं. कापसाची वात वळली, तुपात भिजवली आणि तिच्या फोटोपुढे पणती लावली.

तेवढ्यात दिलनोझा भेटायला आली. ही आमच्या क्लिनिकमधली नर्स, उझबेक, पण ताजिकिस्तानातच वाढलेली. पणती बघून ती दारातच थबकली. "दीदी, ये तो हिंदू तरीका है. हम लोग में ऐसा नहीं होता. उसको बुरा लगेगा." रागाने नाही, हळू आवाजात म्हणाली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बिचारीच्या माथी मी आपला धर्म मारला, असंच वाटलं. "सॉरी, सॉरी" म्हणत मी फुंकर मारली. खोलीभर जळक्या वातीचा वास राहिला.

गेल्या आठवड्यात तिच्या बहिणीचा फोन आला. ती तिकडे खोरोगच्या शाळेत इंग्रजी शिकवते. इकडचं तिकडचं झाल्यावर म्हणाली, आमच्या डोंगरात माणूस गेलं की तिसऱ्या दिवशी कापसाची वात वळून दिवा लावतात, सगळे जमतात, रात्रभर भजनं म्हणतात. त्या उजेडात जीव वाट शोधतो. दुसरीकडचे इस्माइलीसुद्धा हे करत नाहीत, फक्त आम्हीच... मला आमच्या वाती आठवल्या. दरवर्षी दिवाळीत गुलबेगिम माझ्या शेजारी बसून वाती वळायची. तिचा हात माझ्याहून सराईत होता. कुठे शिकलीस, असं मी एकदाही विचारलं नाही.

"वी डिड इट हिअर," बहीण म्हणाली. "बट शी डाइड देअर. डिड एनीवन लाइट इट फॉर हर?"

"येस. आय डिड."

"विथ कॉटन?"

"येस."

ती रडायला लागली. बराच वेळ रडली. मग नाक ओढत तिने विचारलं, "अँड इट बर्न्ड टिल मॉर्निंग?"

मी हो म्हटलं.