डॉलरची मुदत

बँकेचा ‘ठेवीची मुदत संपत आली’ असा मेल आला, की मला कराडच्या शाखेतला स्टॅम्पपॅडच्या शाईचा वास येतो. अमेरिकेला परत निघायच्या आदल्या दिवशी मी वडिलांना घेऊन तिथे गेलो होतो. साहेब म्हणाले, रुपयांत ठेवलंत तर व्याज जास्त. डॉलरमध्ये ठेवलंत तर रुपया घसरला तरी डॉलर तसेच परत मिळतील, मुदत पाच वर्षं. मी डॉलर म्हणालो. वडिलांचं सगळं आयुष्य फौजेत गेलेलं. त्यांच्या लेखी मुदत म्हणजे नोकरीची, ती संपली की माणूस घरी. “पाच वर्सं व्हय? जातील की रं बघता बघता,” ते खुशीत म्हणाले. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली मान घालून सही केली. कुंडलच्या स्टँडवर उतरल्यापासून वडील भेटेल त्याला सांगत सुटले, “पोरगं पाच वर्सांनी कायमचं येतंय.” माझ्या घरासाठी म्हणून त्यांनी विहिरीजवळचे चार गुंठे मोकळे सोडले. त्या ठेवीची मुदत मी दोनदा पुढे ढकलली. आज वडिलांशी फोनवर मी मेलबद्दल काहीच बोललो नाही. तेच म्हणाले, “औंदा बी तितं ऊस लावला न्हाई बरं का.”