पत्रकात आत्ती नव्हती

अन्याय माझ्या आत्तीवर झाला. गेल्या वर्षी, नवरात्राच्या दुसऱ्या माळेला, सकाळी अकराच्या सुमारास, राजारामपुरीतल्या एका दवाखान्यात. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडाकडे धरला, बिडी-तंबाखू नाही ना एवढं विचारलं आणि टीबीच्या गोळ्या लिहून दिल्या. थुंकी तपासलीच नाही. खोकल्यातून रक्त पडत होतं, आवाज बसला होता, अंगावरची चोळी लोंबत होती. बाई निर्व्यसनी आहे, नको ते मनात आणू नका, म्हणाले. आम्ही हात जोडून बाहेर पडलो. मीसुद्धा जोडले.

आत्ती गारगोटीकडची. वीस-बावीस हंगाम तिनं गुऱ्हाळाच्या चुलवाणात जळण सारलं. चिपाडं कमी पडली की टायरचे तुकडे, फाटक्या चपला, हाताला येईल ते. हंगामभर थुंकी काळी. मालक म्हणायचा, गुळाचा धूर हाय, गोडच लागंल की. सगळे हसायचे. आत्तीही.

मी तर तंबाखूविरोधी पत्रकं लिहून वाटणारी. दवाखान्याच्या आधी दोन महिने, ती खोकत असतानाच, मी तिला माझं पत्रक वाचून दाखवलं होतं. फुफ्फुसाचा कॅन्सर, बिडी सोडा, सिगारेट सोडा. ती म्हणाली, "मी कुठं बिडी वडतोय? दे त्यो कागद गड्यास्नी."

मी तो खरंच तिच्या नवऱ्याला दिला.

टीबीच्या गोळ्या सहा महिने चालल्या. मग पाठ धरली. दुसऱ्या दवाखान्यात सीटी स्कॅन झाला, फुफ्फुसाचा तुकडा काढून तपासला. कॅन्सर मणक्यात उतरला होता. ऑपरेशनची वेळ निघून गेली होती. आता रोज एक गोळी. त्या गोळीनं आजार थोपून राहतो, जात नाही. तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बिडी हे मोठं कारण, पण एकटं नव्हे. धूर, कारखान्यातली धूळ यांनीही होतो, आणि कधीकधी कारण सापडतही नाही.

आत्तीनं सगळं ऐकून घेतलं. मग माझ्याकडं बघितलं.

"मग तुझ्या कागदात धूर का न्हवता गं?"

 

तुमच्या घरात कोण खोकतंय? तीन आठवडे झाले असतील तर उद्याच घेऊन जा. बिडी ओढत नाही एवढ्यावर कुणी तुम्हाला परत पाठवलं तर खुर्चीवरून उठू नका. थुंकी तपासा म्हणा. त्यात टीबी सापडला नाही तर सीटी स्कॅन लिहून द्या म्हणा. आणि कृपा करून, हात जोडू नका.